दिवटा आणि कुलदीपक

मराठीत घराण्याचे नाव काढणाऱ्या मुलाला कुलदीपक म्हणतात आणि नाव घालवणाऱ्याला दिवटा. दोन्ही शब्दांच्या पोटात दिवाच आहे. मग एकाच्या वाट्याला मान आणि दुसऱ्याच्या वाट्याला टोमणा का यावा? दिवटा हा उपरोध आहे, असे सोपे उत्तर देता येईल. दिवटे चिरंजीव म्हणताना आपण कुलदीपकच म्हणत असतो, फक्त वाकड्या तोंडाने. पण उपरोधासाठी भाषेने नेमका हाच दिवा का निवडला, हा प्रश्न उरतोच. कुलदीपक घरात, आपल्या जागी तेवतो. दिवटा किंवा दिवटी म्हणजे हातात धरून न्यायचा दिवा, चिंध्या गुंडाळून तेलात भिजवलेला. आणि तो धरून दुसऱ्याच्या पुढे चालणारा तो दिवट्या. एक दिवा ज्याचा आहे त्याच्याच घरी असतो. दुसरा धरणाऱ्याच्या हाती असला, तरी उजेड मागून येणाऱ्यासाठी असतो.

या लेखात मला या दुसऱ्या दिव्याविषयी, हातातल्या दिव्याविषयी लिहायचे आहे. निमित्त अगदी साध्या वस्तूचे आहे. गेल्या काही वर्षांत गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावीही घरोघरी एक छोटा बिनवायरचा दिवा दिसू लागला आहे. खाली चपटी बैठक, मध्ये दांडी, वर छत्रीसारखे टोपण. कुठे कळ नाही, बटण नाही. टोपणाला किंवा दांडीला बोट लावले की तो लागतो, पुन्हा लावले की उजेड पिवळसर किंवा पांढरा होतो, बोट दाबून धरले की कमीजास्त होतो. मोबाइलच्या चार्जरवर चार्ज करायचा आणि हवा तिथे उचलून न्यायचा. दुकानदार त्याला टच लॅम्प म्हणतात; घरात त्याचे नाव ‘चार्जिंगचा दिवा’. कोशातला ‘विजेरी’ हा शब्द टॉर्चलाही चिकटला नाही, टॉर्चला आपल्याकडे ‘बॅटरी’च म्हणतात, तसेच याचेही झाले आहे.

अशा वस्तूवर वाङ्मयीन नियतकालिकात लिहावे काय, अशी शंका कोणी घेईल. माझे म्हणणे असे आहे की या दिव्यामुळे मराठी साहित्यातल्या आधीच्या सगळ्या हातातल्या दिव्यांकडे नव्याने पाहता येते. आपल्या समीक्षेने दिवा प्रतीक म्हणून पुष्कळ वाचला. ज्ञानाचा दिवा, आशेचा दिवा, क्रांतीची मशाल. तो कोणाच्या हातात होता, त्यात तेल कोणी घातले आणि तो एका खोलीत नेल्यावर दुसऱ्या खोलीत अंधारात कोण बसले, हे मात्र तिने क्वचितच विचारले.

१

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीतल्या दिव्यांची दोन कुळे सहज पाडता येतात. समई, नंदादीप, लामणदिवा, निरांजन, दीपमाळ ही बसलेल्या किंवा टांगलेल्या दिव्यांची, देवाजवळची. दिवटी, मशाल, टेंभा, पलिता, चिमणी, कंदील, बत्ती ही हिंडत्या दिव्यांची. निरांजन ओवाळताना हातात येते हे खरे. पण ते देवापुढेच फिरते, वाट दाखवायला रस्त्यावर येत नाही.

आता या दोन कुळांनी भाषेला काय दिले ते पाहावे. पहिल्या कुळातून कुलदीपक आला, नंदादीपासारखे आयुष्य आले, समईसारखा शांत चेहरा आला. दुसऱ्या कुळातून दिवटा आला. टेंभा मिरवणे आले. माणूस स्वतः काही उजळायला गेला की भाषा लगेच तिरकी होते: ‘काय दिवे लावलेस’, ‘काय उजेड पाडलास’. अक्कल पाजळणे यातले पाजळणे हेही मुळात दिव्याचेही क्रियापद आहे. तेवणाऱ्याबद्दल आदर आणि पेटवणाऱ्याबद्दल, धरणाऱ्याबद्दल टवाळी, अशी ही वाटणी आहे. तिला योगायोग मानायला माझे मन तयार होत नाही. दिवा धरणे हे आपल्याकडे चाकराचे काम होते. पालखीपुढे, घोड्यापुढे, वरातीपुढे मशालजी चालत. त्यांचा उजेड मालकाच्या खाती जमा होई आणि त्यांच्या वाट्याला धूर, तेलाचे ओघळ आणि पायाखालची वाट येई. पुढे पेट्रोमॅक्सची गॅसबत्ती आली, तेव्हाही वरातीत ती डोक्यावर घेऊन चालणारी माणसे ठरलेली असत. ज्यांच्या उजेडात नवरानवरी दिसत, ती माणसे स्वतः कोणाला दिसत नसत. डोक्यावर बत्ती असलेल्याचा चेहरा सावलीतच राहतो.

या वाटणीला एक मोठा अपवाद आहे आणि तो मराठवाड्याला जवळचा आहे: गोंधळ. तुळजाभवानी आणि माहूरची रेणुका यांच्या गोंधळात दिवटी आणि बुधली ही पूजेची साधने आहेत. बुधलीतले तेल दिवटीवर घालत गोंधळी उभा राहतो, संबळ वाजतो, तुणतुणे लागते आणि यजमान त्या हातातल्या दिव्याला नमस्कार करतो. रा. चिं. ढेरे यांनी ‘लोकसंस्कृतीचे उपासक’मध्ये गोंधळी आणि त्यांच्यासारख्या इतर उपासकांचा जो मागोवा घेतला, तो वाचताना जाणवते की इथे दिवा आणि दिवा धरणारा यांची फारकत झालेली नाही. एका रात्रीपुरता का होईना, दिवटी धरणाऱ्याला मान आहे. पहाट झाली की तोच गोंधळी पुन्हा दारोदार मागायला निघतो, ही गोष्ट वेगळी.

आधुनिक कवितेने या कुळातली फक्त मशाल उचलली. ‘सिंहासन’ या १९७९ सालच्या चित्रपटातले सुरेश भटांचे गीत आपल्या पिढ्यांनी मोर्चांत आणि सभांत ऐकले आहे. त्यातल्या मशालींनी अनेकांच्या अंगावर काटा आणला आहे. त्या गीताचे मोल मला कमी करायचे नाही. पण प्रतीक झाल्यावर मशालीचे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. ती कोणाच्याही हाती येते आणि म्हणून कोणाच्याच हाती राहत नाही. मशालजी कवितेतून नाहीसा होतो. मशाल क्रांतीची झाली. ती शतकानुशतके पोटासाठी धरणारा माणूस त्या क्रांतीच्या चित्रात दिसत नाही. त्याला साहित्यात यायला दलित आत्मकथनांची वाट पाहावी लागली. शंकरराव खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’ या नावातच गावकीचे काम आहे. रात्री-अपरात्री निरोप पोचवायला, अधिकाऱ्याच्या पुढे वाट दाखवायला ज्याने निघायचे तो तराळ. अंधारातून चालणे हाच ज्याचा हक्क आणि हीच ज्याची सक्ती, त्याच्या बाजूने पाहिले की मराठी साहित्यातली रात्र वेगळी दिसते.

२

कंदील हा या कुळातला सगळ्यात लाडका दिवा. शब्द अरबीतून आला, वस्तू परदेशातून आली आणि दोन्ही इथल्या झाल्या. १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाच्या पैशातून काचेचा कारखाना उभा राहिला. कराडजवळ ओगलेवाडीला ओगले ग्लास वर्क्सने ‘प्रभाकर’ कंदील काढला. काच आणि कंदील इथे बनणे ही स्वदेशीच्या काळातली अभिमानाची गोष्ट होती. आज सत्तरीच्या घरात असलेल्या वाचकाला ‘प्रभाकर’ हे नाव ऐकताच रॉकेलचा वास आठवेल.

याच कंदिलाभोवती मराठी चरित्रलेखनाने एक वाक्य घट्ट बांधून ठेवले आहे: कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला. गौरवग्रंथ, सत्काराची भाषणे, आत्मचरित्राचे दुसरे प्रकरण, निवृत्त मुख्याध्यापकावरचा लेख, कुठेही पाहा. हे वाक्य हटकून भेटते. ते बहुतेक वेळा खरेही असते. माझा आक्षेप त्याच्या खरेपणाला नाही, त्याने जे झाकले जाते त्याला आहे.

कंदील आपोआप उजेड देत नाही. संध्याकाळी काच काढून चुलीतल्या राखेने आणि फडक्याने पुसावी लागते. वात कातरावी लागते. वाकडी कातरली तर ज्योत एका बाजूने चढते आणि काच काजळते. रॉकेल भरावे लागते आणि भरण्याआधी ते रेशनच्या रांगेत उभे राहून आणावे लागते. हे सगळे करणारे हात बहुधा आईचे, बहिणीचे किंवा घरातल्या सुनेचे. त्या वाक्यात त्या हातांना कर्तेपण नाही. शिवाय कंदील हलवता येतो याचा अर्थ तो कुठूनतरी काढून नेला जातो. एका कंदिलाच्या घरात मुलगा अभ्यासाला बसला की स्वयंपाकघरातली बाई चुलीच्या जाळावर भाकरी थापते, म्हातारा अंधारात खाटेवर पडून राहतो, बहीण निजते. बहिणीला झोप आली होती की उजेड नव्हता म्हणून ती निजली, हे कोणत्याच गौरवग्रंथात नसते.

मुलाच्या रात्रीच्या अभ्यासाला अभिमान चिकटला आणि बाईच्या रात्रीच्या अभ्यासाला अपराध. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये आले. न्यायमूर्ती त्यांना रात्री शिकवत आणि त्याबद्दल दिवसा घरातल्या बायकांचे टोमणे त्यांना सोसावे लागत. तोच काळोख, तसाच दिवा, तेच पुस्तक. पण दिव्यासमोर बसलेल्याचे नाव बदलले की घराचा न्याय बदलतो. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी आणि कामकरी स्त्रीपुरुषांसाठी पुण्यात रात्रीची शाळा काढली. त्या घटनेकडेही या बाजूने पाहावेसे वाटते. दिवसभर दुसऱ्यासाठी राबणाऱ्याला स्वतःसाठी फक्त रात्र उरते आणि रात्र वापरायची तर दिवा लागतो. रात्रीच्या शाळेत अक्षराइतकाच दिवाही ज्यांचा नव्हता त्यांच्यापर्यंत गेला.

तेव्हा चरित्रातल्या कंदिलापाशी समीक्षकाने थोडे थांबावे. घरात कंदील किती होते? बाकीचे कुठे बसले होते? काच कोणी पुसली? हे प्रश्न चरित्रनायकाला खाली ओढण्यासाठी विचारायचे नाहीत. त्याच्या यशात आणखी कोणाची रात्र खर्ची पडली, ते त्यातून कळते.

३

हे सगळे गंगाखेडला बसून लिहिताना एक नाव टाळताच येत नाही. परंपरेने हे जनाबाईंचे जन्मगाव. गोदावरीच्या काठी त्यांचे मंदिर आहे, त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. लहानपणीच त्या पंढरपूरला दामाशेटींच्या घरी गेल्या आणि नामदेवांच्या त्या घरात दासी म्हणून राहिल्या. नामदेवांच्या गाथेबरोबर चालत आलेले साडेतीनशेच्या आसपास अभंग त्यांच्या नावावर आहेत. त्यांतला कोणता कोणाचा, याची चर्चा अभ्यासकांनी केली आहे आणि ती संपलेली नाही.

या अभंगांत अभ्यासक दोन धारा पाहतात. एक कष्टांची: दळण, कांडण, सडा, पाणी, शेणी. दुसरी योगानुभवाची: शून्य, नाद आणि ज्योत. बहुतेक विवेचनांत या दोन धारा वेगवेगळ्या प्रकरणांत जातात. पहिलीला भोळी भक्ती म्हणतात, दुसरीला अधिकारी साधना. मला त्या एकाच अंधारातून आलेल्या दिसतात.

दळण भल्या पहाटे, अंधारातच होई. जात्याला दिवा लागत नाही, हे ज्याने दळण पाहिले आहे त्याला ठाऊक असते. खुंटा हाताला सापडतो. सुपातले दाणे मुठीने घेऊन तोंडात वैरायचे, ते हाताला कळते. पीठ भरड पडते की बारीक, ते बोटाला कळते. पाळीवर पीठ किती साचले, तेही बोटालाच. सगळा कारभार स्पर्शाचा आणि सोबतीला गळा. मराठीतल्या जात्यावरच्या ओव्या या अशा अंधारात रचल्या गेल्या. हेमा राइरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहाविषयी बोलताना आपण बायकांच्या प्रतिभेबद्दल बोलतो, दुःखाबद्दल बोलतो. पण ही अफाट रचना बहुतांशी न लिहिता झाली, याचे एक कारण शिक्षण नाकारले गेले हे आहे तसे दुसरेही आहे. ज्या वेळी ती रचली गेली त्या वेळी लिहिण्या-वाचण्याइतका उजेड त्या खोलीत नव्हता आणि हात मोकळा नव्हता. अंधारात जे करता येते तेच साहित्य तिथे झाले: गाणे.

जनाबाईंच्या कष्टांच्या अभंगांत देव येतो तो कामाला. तो दळू लागतो, कांडू लागतो, पाणी वाहतो, शेणी वेचतो, तिचे केस विंचरतो. लोकांच्या तोंडी असलेल्या या अभंगांत देवाने दासीसाठी केलेल्या कामांची यादी चांगली लांब आहे. त्या यादीत दिवा धरण्याचे काम मला तरी आढळत नाही. देवाने येताना दिवा आणला, असे जनाबाई सांगत नाहीत. त्याने खुंट्याला हात लावला, असे सांगतात. दासीच्या घरच्या अनुभवाशी हे पुरते जुळते. तेलाचा हिशेब मालकाच्या घरचा. दासीला दिव्याची सवय नाही, त्यामुळे तिच्या मागण्यांतही दिवा नाही. तिला हवा आहे दुसरा हात.

आणि मग तिच्या योगपर अभंगांतली ज्योत. तिला तेल लागत नाही, वात लागत नाही, ती कोणाकडून मागून आणावी लागत नाही. योगशास्त्राच्या परिभाषेत त्या ज्योतीचा अर्थ जो असेल तो असो. दासीच्या मुखात ती आली की तिला आणखी एक अर्थ मिळतो. घरात जिच्या वाट्याला दिवा नाही, तिला आत एक दिवा सापडला आहे आणि तो कोणाच्या मालकीचा नाही. भोळ्या भक्तीचे प्रकरण आणि अधिकारी साधनेचे प्रकरण असे वेगळे छापले की ही गोष्ट हातातून निसटते.

४

आता त्या टच लॅम्पकडे येऊ. समीक्षकाने वस्तू कशी चालते ते आधी नीट समजून घ्यावे. या दिव्यात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. पहिली, पांढरा उजेड देणारा एलईडी. त्यात निळा उजेड देणाऱ्या चकतीवर पिवळा लेप असतो आणि दोन्ही मिळून पांढरे दिसते. हा निळा एलईडी बनवणे फार काळ जमत नव्हते. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. दुसरी गोष्ट, लिथियम-आयन बॅटरी. तिच्यासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तिसरी गोष्ट स्पर्शाची. माणसाचे शरीर थोडा विद्युतभार साठवू शकते. बोट लागले की दिव्याच्या धातूची भार साठवण्याची क्षमता किंचित बदलते आणि आतला छोटा तुकडा तो बदल ओळखून दिवा लावतो. लाकडी काठी लावून तो लागत नाही. जिवंत अंग लागते.

दिव्याला स्पर्श कळतो, पण स्पर्श कोणाचा ते कळत नाही. मराठीत ही साधी गोष्ट नाही. स्पर्श या शब्दावर आपल्या समाजाचा मोठा इतिहास लादलेला आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग माणसांनी ओंजळीत पाणी घेतले, तेव्हा वाद पाण्याचा जितका होता तितकाच हाताचा होता. घरातही ‘हात लावू नकोस’ हे वाक्य दिव्याच्या आसपासच जास्त ऐकू येई. कंदिलाची काच तापलेली असते म्हणून मुलाला, देवघरातली समई विटाळेल म्हणून पाळीच्या दिवसांतल्या बाईला. या नव्या दिव्याविषयी असा नियम अजून तरी कोणी केलेला नाही. करणार कसा? हात लावल्याशिवाय तो लागतच नाही. ‘हात लाव’ ही त्याची वापरण्याची पद्धत आहे.

शिवाय त्याने दिवट्याचे काम संपवले. तो धरावा लागत नाही. ठेवला तिथे राहतो. काच नाही, काजळी नाही, वात नाही. कंदिलाच्या उजेडामागे जे हात लपलेले होते, त्यांचे संध्याकाळचे काम गेले. हातातल्या दिव्याच्या इतिहासात ही मोठी घटना आहे आणि ती कोणत्याही समारंभाशिवाय झाली.

पण इथे थांबलो तर जाहिरात लिहिल्यासारखे होईल. या दिव्याचे दोषही वाचले पाहिजेत. पहिला दोष मजेशीर आहे. लाईन गेल्यावर हा दिवा आधी अंधारात चाचपून शोधावा लागतो. त्याला कळ नाही, म्हणून बोटाला खूणही नाही. उजेडाच्या आधी पुन्हा जात्यावरच्या बाईचाच हात उपयोगी पडतो. दुसरा दोष गंभीर आहे. कंदिलाची काच फुटली तर नवी मिळे, पत्रा गळू लागला तर डाग देणारा गावात असे. हा दिवा बंदिस्त आहे. त्यातली बॅटरी दोन-चार वर्षांत थकते आणि बहुतेक नमुन्यांत ती बदलायची सोय नसते. मग तो कपाटावर चढतो आणि तिथून कचऱ्यात जातो. मशालजीबरोबर पत्र्याचे काम करणाराही गेला.

तिसरा दोष दिव्याचा नाही, त्याच्यामागच्या व्यवस्थेचा आहे. रॉकेल संपले तर शेजारून वाटीभर मागता येई. चार्जिंग मागता येत नाही. ते लाईन असेल तेव्हाच करून ठेवावे लागते. गंगाखेडच्या शेजारी परळीला औष्णिक वीजकेंद्र आहे. मराठवाड्यात वीज तिथे तयार होते आणि भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यातलीच खेडी तासन् तास अंधारात बसत होती. २०१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावे लागले. ज्या गोदेच्या पाण्यावर पिके, गावे आणि वीज सगळेच टेकलेले, तिथे पाणी आटले की दिवाही आटतो. शेतीपंपाची लाईन रात्री येते म्हणून शेतकरी बॅटरी घेऊन दारे धरायला जातो. घरी डीपी जळाली की दुरुस्तीची वाट पाहण्यात दिवस जातात. अशा ठिकाणी चार्जिंगचा दिवा हे हौसेचे साधन राहत नाही, तो घरातली एक जबाबदारी होतो. लाईन आली की तो लावून ठेवायची आठवण कोणी ठेवायची? काच पुसणारे हात मोकळे झाले खरे, पण ही आठवण बहुतेक त्याच हातांकडे गेलेली मला दिसते. घरात चार्जर एक आणि मोबाइल तीन असले, तर दिव्याचा नंबर शेवटी लागतो. आणि रात्री लाईन गेली की ‘दिवा चार्ज का केला नाही’ हा प्रश्न घरातल्या बाईलाच विचारला जातो.

५

आता या सगळ्याचा साहित्याशी संबंध सांगतो. आपल्या दिवाळी अंकांतली ग्रामीण कथा अजूनही कंदील टांगून सुरू होते. कंदील दिसला की वाचकाला कळते, आता गाव आले, गरिबी आली, आठवण आली. कंदील हे वेळेचे आणि ठिकाणाचे आयते नेपथ्य झाले आहे. पण त्याच कथेतल्या गावात आज रेशनचे रॉकेल नावापुरतेही राहिलेले नाही आणि कोनाड्यात चार्जिंगचा दिवा आहे. लेखकाला तो दिसत नाही असे नाही. तो लिहिण्याजोगा वाटत नाही. प्लास्टिकच्या दिव्याला आठवणींचा वास नसतो. म्हणून आजचे गाव लिहिताना आपण कालचा दिवा लावतो आणि आजच्या माणसाला कालच्या अंधारात बसवतो.

हे सगळ्यांना लागू नाही. परभणी जिल्ह्यातल्याच आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आलोक म्हणजे उजेड. आजच्या खेड्यातले ताण लिहिणाऱ्या पुस्तकाला हे नाव आहे, ही मला अर्थपूर्ण गोष्ट वाटते. गाव रम्य आठवणीतून बाहेर काढले की त्याच्यावर खरा उजेड पडतो आणि मग तिथे कोण कोणावर अवलंबून आहे, कोणाचे ओझे कोण वाहतो, ते दिसू लागते. मला हातातल्या दिव्याविषयी जे म्हणायचे आहे, ते याच दिशेचे आहे.

माझी सूचना फार मोठी नाही. कथेत, कवितेत, चरित्रात दिवा आला की त्याला लगेच प्रतीक करू नये. आधी तो कोणाचा, कोणी आणला, कोणी धरला, कोणी पुसला आणि त्याच्या उजेडाबाहेर कोण राहिले, हे विचारावे. एवढे विचारूनही तो प्रतीक उरला, तर ते प्रतीक पक्के समजावे. गोंधळातली दिवटी या कसोटीला उतरते, कारण तिथे धरणारा डोळ्यांसमोर असतो. जनाबाईंची ज्योत उतरते, कारण तिच्या मागे दिवा नसलेली खोली आहे. ‘कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला’ हे वाक्य मात्र, काच पुसणारीचे नाव त्यात येईपर्यंत, अर्धे आहे.

आषाढी वारीसाठी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा करत गंगाखेडला येते आणि परळीकडे जाते. वारीतल्या बायका पहाटे अंधारातच उठतात. पूर्वी एखादा कंदील असे आणि तो ज्याच्या हाती त्याच्या मागून सगळ्यांनी जायचे. आता बाईच्या पिशवीत तिची स्वतःची छोटी बॅटरी किंवा चार्जिंगचा दिवा असतो. तो लावायला ती कोणाला विचारत नाही. कोणाच्या मागून चालायचे की पुढे, हे तिचे ती ठरवते. दिवटा हा शब्द भाषेत टोमणा म्हणून राहील, तो सहजासहजी जाणार नाही. पण ज्या कामाच्या हलकेपणातून तो टोमणा आला, ते काम आता कोणाला कोणासाठी करावे लागत नाही. कंदिलावर आपण एवढे लिहिले. जिच्या पिशवीत हा दिवा आहे, तिच्यावर आता लिहायला हवे.